हांदिकांनी लावलेला पतंगाचा शोध

त्या शनिवारी सकाळी आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर एक भलामोठा पतंग बसला होता. कुठल्याही शहाण्या माणसानं अंगावर चार तांबे घेतले असते, कमरेला गामोसा, म्हणजे पंचा, गुंडाळून बाहेर आला असता आणि निमूटपणे भात खाऊन ऑफिसला गेला असता. मी मात्र ओलेत्यानं चष्मा आणायला गेलो. पुढचं सगळं रामायण त्या चष्म्यामुळे घडलं.

चष्मा लावून पाहिलं, तर पतंग चांगला वीतभर रुंद. (जवळजवळ वीतभर. मी शोध लावणारा माणूस आहे, मोजणारा नव्हे.) पिवळट तपकिरी अंग, चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि पोट असं की आमचे हेडक्लार्क आठवावेत. ढिम्म हलत नव्हता. मी टाळी वाजवली, फुंकर मारली, शेवटी "काय हो?" असंही विचारून पाहिलं. त्यानं एक पाय उचलला आणि परत होता तिथेच ठेवला.

"जेउती, लवकर ये!"

माझी बायको मागावरून उठून धावत आली. हातात धोटा तसाच. "पडलात का?"

"पडलो नाही. हे बघ."

तिनं बघितलं. "पतंग आहे."

"पतंग आहे ते मलाही दिसतंय. कुठला आहे?"

"आईच्या बागेतला असेल. परवा तिच्याकडून जळणाला सोमच्या फांद्या आणल्या ना, त्यात पानात गुंडाळलेला एखादा कोश राहिला असणार. मुगाच आहे. आता अंघोळ उरका, भात निवतोय."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. माझी सासुरवाडी ढकुआखान्याच्या पलीकडे सात मैलांवर आहे आणि सासूबाई म्हणजे त्या भागातल्या मुगा रेशमाच्या सुप्रीम कोर्ट. साठ-सत्तर सोमची झाडं, त्या झाडांवर उघड्यावर वाढणारे हिरवेगार किडे, त्यांचे कोश, त्या कोशांचं सोनेरी सूत. जेउतीचं सगळं बालपण त्या झाडांखाली कावळे हाकलण्यात गेलं. मी पडलो शिवसागर शहरातला. आमच्या सात पिढ्यांत कुणी किडा पाळलेला नाही. (आमची सगळी मंडळी सरकारी नोकरीत. तिथे किडे न पाळता वाढतात.) त्यामुळे लग्नाला बारा वर्षं झाली तरी सासुरवाडीला जेवणाखेरीज कुठल्याही विषयावर अधिकारवाणीनं बोलायची संधी मला मिळाली नव्हती. चुलीपाशी बसलेल्या बायका "या पाळीला किडे खूप रागावलेत" असलं काहीतरी बोलायच्या आणि मी मान डोलवायचो. ही खंत माणसाला आतून पोखरते.

म्हणून "मुगाच आहे" हा निकाल मी मान्य केला नाही.

माझ्याकडे पुस्तक होतं. आमचे एक जुने साहेब बदली होऊन जाताना कपाट रिकामं करून गेले, त्यात हे सापडलं होतं: पूर्वेकडल्या फुलपाखरांचं आणि पतंगांचं इंग्रजी पुस्तक, रंगीत चित्रांसह. मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं (ठरवलं हा शब्द जरा मोठा आहे, मी रोजच जातो) आणि पुस्तक घेऊन न्हाणीघरात ठाण मांडलं. एकेक चित्र पतंगाशेजारी धरून पाहिलं. हिरवा चंद्रपतंग नव्हता, नागाच्या फण्यासारखी पंखांची टोकं असलेला तो राक्षसी पतंगही नव्हता. शेवटचं पान उलटलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

"जेउती! हा पतंग पुस्तकातच नाहीये!"

"मग?"

"मग काय मग? म्हणजे विज्ञानाला माहीतच नाही! नवी जात आहे ही!"

जेउतीनं पुस्तक हातात घेतलं आणि मध्ये उघडून माझ्यापुढे धरलं. "यातली सोळा पानं वाळवीनं खाल्लीत."

"तो तपशील झाला."

"मुग्याचं पान त्याच सोळांत असेल."

"हे तुला कसं माहीत?"

"वाळवीला विचारा," ती म्हणाली आणि मागावर जाऊन बसली.

मी वहीत नोंद केली: जात नवीन. नाव माझ्या आडनावावरून 'हांदिकी' ठेवण्यास हरकत नसावी. लिंग, नर. हे शेवटचं मी कशावरून ठरवलं, असं कुणी विचारेल. आकारावरून, गंभीर चेहऱ्यावरून, आणि सकाळपासून त्यानं कुठल्याही कामाला हात लावला नाही यावरून. दुपारी ऑफिसातून येऊन मी त्याच्यापुढे केळं ठेवलं, साखरेचं पाणी ठेवलं, बशीत दूध ठेवलं. तो बघेनासुद्धा.

"त्याला तोंड नसतं हो," जेउती आतून म्हणाली. "किडा असताना खायचं तेवढं खाऊन घेतात. पतंग झाला की आठ-दहा दिवस, बस. आमच्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत असतं हे."

"तुमच्या मुग्याला नसेल. हा हांदिकी आहे."

खरं म्हणजे हे प्रकरण तिथेच केळ्यासकट मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्या रविवारी सासुरवाडीला माझ्या मेव्हणीच्या, रुणुमीच्या, सासरची माणसं चहाला यायची होती. लग्न ठरलं होतं, फागुनातली तारीख निघाली होती. आणि नवऱ्या मुलाचे थोरले काका म्हणजे प्रोफेसर काकोती, कॉलेजात चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. देव देतो तेव्हा असा छप्पर फाडून देतो.

"मी पतंग घेऊन येणार," मी जाहीर केलं.

जेउती या वेळी धोटा खाली ठेवून माझ्याकडे वळली. "हे बघा, उद्या तिथे काहीही करू नका. आईचं उद्या सगळं पणाला लागलंय."

ते मलाही ठाऊक होतं. जेठातलं पीक पुरात गेलं होतं. भादव्यात रोग पडला. हाती राहिले ते बियाण्याचे मोजके शंभर कोश, आणि त्यातून पतंग बाहेर पडायला नुकती सुरुवात झाली होती. नर आधी निघतात, ते दोन दिवसांपासून पिंजऱ्यात होते. माद्या रविवारी संध्याकाळी निघतील असं सासूबाईंनी कोश कानाशी हलवून सांगितलं होतं. (हवामान खात्यानं त्यांच्याकडे शिकवणी लावावी.) त्या रात्री जोड्या जमल्या तर अंडी, अंडी तर कातीचं, म्हणजे कार्तिकातलं, पीक, आणि कातीचं पीक आलं तर रुणुमीनं लग्नात नेसायची मेखला-चादर. गावात कुणाकडेच बियाणं नव्हतं, उसनं मागायचीही सोय नव्हती. थोरलीच्या, म्हणजे जेउतीच्या, लग्नात सासूबाईंनी घरच्या किड्यांचं, स्वतः कातलेलं, स्वतः विणलेलं वस्त्र तिच्या अंगावर घातलं होतं. धाकटीला तेव्हा पंधरावं होतं. त्या दिवसापासून ती वाट पाहत होती.

"बाजारातून आणायचं की," मी एकदा सुचवलं होतं. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाजारातल्या मुग्यात निम्मा टसर असतो, जोंवाई. त्यापेक्षा पोरीला पोतं नेसवेन."

तर असं सगळं असताना मी रविवारी दुपारी माझा लग्नातला कोट बाहेर काढला. आश्विनातला उकाडा, वारा नाही, अंगाला शर्ट चिकटतोय, आणि मी कोटात.

"या उन्हात कोट?" जेउती.

"प्रोफेसर लोक नुसत्या शर्टाशी बोलत नाहीत."

पतंगाला मी आदल्या संध्याकाळीच मच्छरदाणीच्या तुकड्याच्या पिशवीत घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. रात्रभर तो तिथेच फडफडत होता. मला वाटलं, प्रसिद्धीची कल्पना आली असेल त्याला.

आम्ही स्कूटरवरून पोचलो तेव्हा पाहुणे आले होते. प्रोफेसर काकोती बांबूच्या मोड्यावर बसले होते. शिडशिडीत अंग, गळ्यात दोरीला भिंग. त्यांचा पुतण्या, म्हणजे नवरा मुलगा, खाली मान घालून तिलपिठा खात होता. रुणुमीनं तामोल-पानाची शराई, म्हणजे पान-सुपारीचं तबक, पुढे केली आणि मला पाहून तोंडावर हात ठेवला.

"भिनदेउ, लग्न फागुनात आहे. आजच तयार होऊन आलात?"

(भिनदेउ म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा.) मी तिकडे दुर्लक्ष केलं. सासूबाई पदर खोचून आत-बाहेर करत होत्या. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जोंवाई, बसा, चहा घ्या. मागच्या खोपटाकडे मात्र कुणी जायचं नाही. जायचंच झालं तर विहिरीवर अंघोळ, अंगावर धुतलेला गामोसा. पावडर नको, तेल नको, बाहेरचं कापड नको."

हा त्यांचा नेहमीचा नियम. मुगा पाळणाऱ्या घरांत देवघरापेक्षा कडक सोवळं पतंगांच्या खोपटाला. सासूबाई आत गेल्यावर मी प्रोफेसरांकडे झुकून हसलो. "अंधश्रद्धा. काय करणार?"

"निव्वळ अंधश्रद्धा," प्रोफेसर म्हणाले. "कीटकाला धुतलेलं आणि न धुतलेलं काय कळतंय?"

इतका आनंद मला बारा वर्षांत त्या अंगणात झाला नव्हता. कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं होतं, तेही चौतीस वर्षं शिकवून. मी खिशातून पिशवी अर्धवट वर काढून त्यांना पतंग दाखवला. त्यांनी भिंग लावलं, एक डोळा मिटला आणि बराच वेळ "हं" केलं.

"नर," ते म्हणाले.

"मी तेच म्हटलं होतं!"

"आणि रेशमाचा नाही. फळबागेवरची कीड असावी."

"नवी जात?"

"असू शकेल." (नंतर मला कळलं, की त्यांनी चौतीस वर्षं फक्त गांडूळ आणि बेडूक शिकवले होते. पण भिंग गळ्यात असलेल्या माणसाला हे विचारणार कोण?) "शास्त्रीय पद्धत अशी, हांदिक, की नमुन्याशेजारी नमुना ठेवून बघायचा. इथे मुग्याचे पतंग आहेत म्हणता ना?"

"आहेत की! मागच्या खोपटात, पिंजऱ्यात."

आम्ही दोघं उठलो. "जरा बाग दाखवतो यांना," असं मी मोठ्यानं म्हटलं. जेउती स्वयंपाकघरात होती, ती असती तर त्या आवाजावरूनच तिनं ओळखलं असतं.

उन्हं उतरली होती. खोपटात अंधूक उजेड, छपराला टांगलेल्या गवताच्या काड्यांच्या जुड्या, ज्यांना खरिका म्हणतात. मीलन झालेल्या मादीला पंखाशी दोऱ्यानं त्या जुडीला बांधायचं, म्हणजे ती तिथेच अंडी घालते. एका बाजूला सुपात बायकांचे, म्हणजे माद्यांचे, कोश. त्यातल्या काही नुकत्या बाहेर पडून ओले पंख लोंबकळवत बसलेल्या. दुसऱ्या बाजूला बांबूचा मोठा पिंजरा. त्यात पन्नासेक लालसर तपकिरी पतंग, डोक्यावर पिसांसारख्या रुंद मिशा. आम्ही आत पाऊल टाकताच ते सगळे एकदम जागे झाले. पिंजरा थरथरायला लागला.

"फार चपळ आहेत," प्रोफेसर म्हणाले. "ह्या माद्या असणार. नराच्या चाहुलीनं उत्तेजित झाल्या. एक बाहेर काढा."

(पिंजऱ्यात नर आहेत हे मला घरी सांगितलेलं होतं, पण भिंगापुढे ते आठवलं नाही.) "दार उघडू?"

"पद्धत तशीच आहे."

मी दार उघडलं. एक काढायचा होता. पन्नास निघाले.

ते सरळ माझ्या अंगावर आले. छातीवर, खांद्यांवर, बाह्यांवर, कॉलरमध्ये, चष्म्यावर. कोटाच्या आत शिरायला बघत होते, एकमेकांना ढकलत होते. ऑफिसात पगाराच्या दिवशी कॅशियरच्या खिडकीवर असते तशी गर्दी माझ्या डाव्या खिशावर जमली. मी किंचाळलो. प्रोफेसर दोन उड्यांत दाराबाहेर गेले.

"धूर करा! धूर!" ते बाहेरून ओरडत होते. "टोळधाड आहे ही!"

सगळं घर धावत आलं. सासूबाई पुढे, हातात पिठाचं भांडं. त्या दारात थांबल्या. त्यांनी रिकामा पिंजरा पाहिला, मला पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांना मी बारा वर्षांत घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुराच्या पाण्यात ओटीवर चूल मांडून भात रांधणारी बाई ती.

"धूर केलात तर सगळे उडून जातील," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंधार पडतोय. एकदा बाहेर गेले की संपलं."

त्यांच्या मागे रुणुमी उभी होती. ती नुसती त्या मोकळ्या दाराकडे बघत राहिली. नवरा मुलगा तिच्या शेजारी येऊन काहीतरी पुटपुटला, तिनं ऐकलंसुद्धा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसलोय. खरं सांगतो, लाजेनं मेल्यासारखं झालं. मी हात झटकायला वर केले.

"हलू नका!" सासूबाई कडाडल्या. "पापणीसुद्धा हलवू नका. जोंवाई, खिशात काय आहे?"

"नवी जात आहे, आई. नर."

"नर." त्यांनी तो शब्द भाजीतला खडा काढावा तसा बाजूला ठेवला. "नराच्या मागे पन्नास नर कशाला येतील? मादी आहे ती. कधीपासून आहे कोटात?"

"कालपासून."

"रात्रभर बोलावत बसली असेल बिचारी. वास मुरलाय कोटात. मैल-मैल लांबून येतात नर या वासावर. आणि तुम्ही ती खिशात घालून माझ्या खोपटात आलात." त्या जवळ आल्या. मला वाटलं आता कानाखाली बसते. पण त्या माझ्या कोटाकडे बघत होत्या, धान्याच्या राशीकडे बघावं तशा. "खिशाचं बटण लावलंय?"

"अर्धं."

"जेउती, पुढे हो. अंगावरचे न हलवता बटण लाव. ती आत आहे तोवर हे कुठे जात नाहीत. रुणुमी, कंदील बाहेर ने. माद्यांचे पंख सुकले की एकेक इथे आणायची." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही आता बसा. या पाटावर. हलायचं नाही. बोलायचं तर अजिबात नाही. तोंड उघडलंत की छाती हलते."

"पण आई, मी..."

"हे बघा, हललेच."

मी बसलो. जन्मात असा बसलो नव्हतो. अंगावर टेरिलीनचा कोट, आत घामाच्या धारा, बाहेर पन्नास पतंग. एक कानाच्या पाळीवर बसून मिशांनी माझ्या गालाची चौकशी करत होता. प्रोफेसर दारातून डोकावले आणि घसा साफ करून म्हणाले, "मी फक्त पद्धत सांगितली होती. दार उघडायचा निर्णय हांदिकांचा."

मला त्यावर पुष्कळ बोलायचं होतं.

"प्रोफेसर, तुम्ही हा दोरा धरा," सासूबाई म्हणाल्या. "आणि चार-चार बोटांचे तुकडे करून द्या. जमेल ना?"

चौतीस वर्षांचं प्राणिशास्त्र उंबऱ्यात बसून दोरा तोडू लागलं.

पंख सुकलेली पहिली मादी सासूबाईंनी दोन बोटांत धरून आणली आणि माझ्या खांद्यावर हळूच ठेवली. खिशाला धडका देऊन कंटाळलेला एक नर लगेच वळला. जोडी जमली. सासूबाईंनी ती तशीच अलगद उचलली, खरिकेवर ठेवली, जेउतीनं दोरा बांधला. मग दुसरी. मग तिसरी. कधी खांद्यावर, कधी गुडघ्यावर, एकदा तर सरळ डोक्यावर, कारण तिथे जागा मोकळी होती. (तिथे दहा वर्षांपासून मोकळीच आहे.) माझं काम एकच, वासाचा खांब म्हणून उभं राहणं, तेही बसून.

"अहो, लग्नात तुमच्यामागे एवढी वरात नव्हती," जेउती दोरा बांधता बांधता कुजबुजली.

"ताई, सगळे नरच आहेत गं," रुणुमी म्हणाली. तिच्या आवाजात आता थोडा जीव आला होता. "भिनदेउंचं नशीबच तसं."

मला उत्तर सुचलं होतं. चांगलं होतं. आजपर्यंत आठवतं. पण बोलायची सोय नव्हती.

विसाव्या की बाविसाव्या जोडीला मला शिंक आली. म्हणजे यायला लागली. पतंगांच्या पंखांची भुकटी नाकात गेली असणार. नाकाच्या शेंड्यापासून ती वर चढायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, तोंड आपोआप उघडलं. अंगावर अजून तीसेक नर होते. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. रुणुमी "नको, नको, नको" म्हणत होती, कुणाला ते कळेना.

जेउती उठली आणि तिनं माझं नाक चिमटीत धरलं. दोन्ही नाकपुड्या, नखांसकट. दुसऱ्या हातानं तोंड दाबलं. शिंक आत गेली, कानांतून फिरली, मानेतून खाली उतरली आणि कुठेतरी पोटात जाऊन फुटली. कोटाची एक शिवण उसवली. पण वरचा एकही पतंग उडाला नाही.

"सोडू?" जेउतीनं विचारलं.

मी डोळ्यांनीच हो म्हटलं. तिनं आणखी थोडा वेळ धरून ठेवलं. खात्रीसाठी, असं ती आजही सांगते.

शेवटची जोडी जमेपर्यंत जेवणाची वेळ उलटून गेली होती. एकेचाळीस खरिका भरल्या. उरलेले आठ-नऊ नर माझ्या पाठीवर पेंगत होते. मग सासूबाईंनी स्वतःच्या हातानं माझ्या खिशाचं बटण काढलं, पिशवी सोडली आणि माझा हांदिकी तळहातावर घेतला. कंदील आणवला नाही, भिंग मागितलं नाही.

"आपलीच आहे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या झाडाची. त्या झाडाच्या माद्या अशाच पिवळट निघतात. पानात राहिलेला कोश असणार. मिशा बघा किती बारीक, पोट बघा. यात न कळण्यासारखं काय होतं, जोंवाई?"

दारातून प्रोफेसर म्हणाले, "मलाही आधी मादीच वाटली होती."

सासूबाईंनी तिला उरलेल्यांतल्या एका नराजवळ ठेवलं. बेचाळिसावी खरिका. कोटाच्या दुसऱ्या खिशातली माझी वही काढून त्यांनी त्यात काय लिहिलंय ते जेउतीकडून वाचून घेतलं, आणि मग त्या भिंतीला धरून इतक्या हसल्या की रुणुमी घाबरली. नवरा मुलगाही हसला. दिवसभरातला त्याचा तो पहिला आवाज. मी विहिरीवर जाऊन चार बादल्या पाणी अंगावर ओतून घेतलं. कोट तारेवर टांगला, तर पहाटेपर्यंत त्यावर रानातले आणखी तीन नर येऊन बसले होते. सासूबाईंनी तेही ठेवून घेतले.

आठव्या दिवशी अंडी फुटली. सोमच्या झाडांवर एवढे किडे चढले की शेजाऱ्यांना बियाणं वाटावं लागलं. मधले महिने मी खोपटाच्या जवळपास गेलो नाही, म्हणजे मला जाऊ दिलं नाही. सासूबाई आणि जेउती आळीपाळीनं मागावर बसल्या, आणि फागुनात रुणुमी मांडवात आली ती सोनं अंगावर ओतल्यासारखी. कंदिलाच्या उजेडात ती मेखला-चादर अशी झळकत होती की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ती येऊन माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "भिनदेउ, खूप छान झालंय हो."

गावातल्या म्हाताऱ्या बायका तिच्याभोवती जमल्या होत्या. पदर बोटांत धरून बघत होत्या, गालाला लावून बघत होत्या. त्यात सासूबाईंची नव्वदीची पेहीदेउ होती, म्हणजे त्यांची आत्या, माजुलीहून होडीनं आलेली. बिचारीनं गेल्या बारा वर्षांत चार-पाच लग्नांत माझी अखंड बडबड तेवढी ऐकली होती.

"असा मुगा मी कित्येक वर्षांत पाहिला नाही गं," ती सासूबाईंना म्हणाली. "यंदा कुणाचा हात लागला?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "खोटं कशाला बोलू? या जोंवाईचा मोठा वाटा आहे."

मी कोटाची बटणं लावली, छाती पुढे काढली आणि चार पावलं जवळ सरकलो.

"यांनी काय केलं?" पेहीदेउनं विचारलं.

"अडीच तास एक शब्द बोलले नाहीत."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग काळजीनं जेउतीचा हात हातात घेऊन विचारलं, "का गं, यांना बरं नव्हतं का?"